तीन इंच सात सूत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं तेव्हाच ठरवलं, लिहीन तर शिवणाच्या बाईंवर. बाकीच्या गुरुजनांवर माझे वर्गमित्र लिहितीलच.

आठवीत बाईंनी आमच्याकडून तुकड्यांची मोठी गोधडी करून घेतली. घरोघरच्या जुन्या सुती साड्या, धोतरं, शर्ट. प्रत्येक चौकोनात एक त्रिकोण गडद, एक फिका, आणि जोडून झाल्यावर चौकोन तीन इंचांचाच भरला पाहिजे. मग कापड कापायचं किती? दोन्हीकडे दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, धरून साडेतीन इंच, असं सगळ्या मुलींचं मत. बाई म्हणाल्या, "तीन इंच सात सूत."

का, ते नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत. खाकी कागदाचा काटकोन त्रिकोण कापला, तिन्ही कडांपासून दोन सूत आत पेन्सिलीची रेघ मारली आणि आम्हाला पट्टी लावायला सांगितली. काटकोनाकडे दोनच सूत गेलं होतं, निमुळत्या टोकाकडे मात्र जवळजवळ पाच. "तिरकी शिवण टोकाला जास्त कापड खाते, बघा." मग फळ्यावर २ + २ + २√२, म्हणजे ६.८३. सुतात मोजायचं तर सात. पायथागोरस आम्हाला पाठ होता, पण तो कशाला लागतो हे शिवणाच्या तासाला कळलं.

त्रिकोण सुटे कापायला त्यांची सक्त मनाई. कर्णावरची कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, हाताळली की ताणते. म्हणून गडद आणि फिका चौकोन सुलटीवर सुलट ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन सुतांवर टीप, आणि मगच रेघेवर कात्री. दोन चौकोनांतून दोन रंगांचे दोन चौकोन तयार!

आज मी क्विल्टिंगच्या कार्यशाळा घेते. हाताशी फिरत्या पात्याचं रोटरी कटर आहे, खाली अंथरायची मॅट आहे. दोन मोठ्या चौकोनांतून एकदम असे आठ चौकोन काढायचे तर तयार मापात सात सूत मिळवून दुप्पट करायची, म्हणजे तीन इंचांसाठी सात इंच सहा सूत. नवशिक्यांना मी सरळ चार इंच कापायला सांगते आणि शिवल्यावर साडेतीनवर छाटून घ्यायला लावते. साडेतीनमधला तिनावरचा अर्धा इंच पुढच्या जोडणीची माया. पण सात सुतांचं कारण त्यांना खाकी कागदावरच दाखवते, बाईंसारखं.

शिवणाची खोली आता संगणक कक्ष झाली आहे, असं ऐकलं. संगणक हवेतच. पण हाताने मोजून, कापून, जोडून पाहण्याचा तास गेला याचं फार वाईट वाटतं. सध्याच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास द्या. मुलगे-मुली दोघांनाही बसवा. कापड, दोरा, कात्र्या मी घेऊन येईन. मुलांनी फक्त पट्टी आणि पेन्सिल आणावी.