मंगळवेढ्याची ज्वारी ओलीवर कशी येते

सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. त्यामुळे पाऊस किती पडला यापेक्षा रानानं किती धरून ठेवला, यावर इथलं पीक ठरतं. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात मालदांडी वाणाची ज्वारी पेरणीनंतर एकही पाऊस न होता पदरात पडते ती त्यामुळेच. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

पेरणी उत्तरा-हस्त नक्षत्रांत, साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. घाई केली तर खोडमाशी पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा शेंडा, मारते. उशीर झाला तर दाणा भरायच्या आतच ओल संपते. बियाणं एकरी चार किलो पुरतं. काणी हा बुरशीरोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं. ओळीत दीड फूट अंतर. खत दोन चाड्यांच्या पाभरीनं (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत सोडणाऱ्या पेरणीच्या अवजारानं) बियाण्यासोबतच द्यायचं, कारण नंतर वर टाकलेलं खत कोरड्या मातीत तसंच पडून राहतं.

खरं काम कोळपणीचं, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवण्याचं. काळं रान वाळलं की भेगाळतं आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं (पात्यात मधे फट असलेलं), पाचव्यात पासेचं (सलग पात्याचं), आठव्यात दातेरी. आठव्या आठवड्यात तण फारसं नसतं म्हणून ही पाळी टाळली जाते. ती टाळू नये. भेगा बुजवून वर भुसभुशीत मातीचा थर करते ती हीच पाळी. इथं ओल तुटली की खडखड्या रोग येतो: ताट बुडाशी पोकळ होऊन लोळतं, दाणा बारीक राहतो. विहिरीला एकाच पाण्याची सोय असेल तर ते पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात असताना, द्यावं.

भीमाकाठी उसाचं गणित वेगळं, ते भीमेवरच्या उजनी धरणावर चालतं. सुमारे ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) धरणात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी आहे, म्हणून 'उजनी वजा' (पाणी मृतसाठ्याच्याही खाली) ही बातमी इथं एवढी जिव्हारी लागते. सांगोल्याच्या मुरमाड माळाला डाळिंब मानवतं; तिथं ज्वारीचा हट्ट नको.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की ज्वारी काढणीला आली. मग ताटं मुळासकट उपटायची, कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या. मजूर मिळेना म्हणून पेरा घटतोय, पण गोठ्यात दुभतं असलेल्या घराला कडबा सोडवत नाही.