पशुखाद्याच्या फॉर्मवर आमचा बन्सी गहू

चार महिने गहू शेतात होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यानंतर सात आठवडे तो एका काउंटरवर अडकला होता, त्याबद्दल लिहितोय.

आमच्या घरात दोन गहू. चपातीला लोकवन, आणि शेवया, कुरडया, रव्याला बन्सी. बन्सीचं बी नानांच्याही आधीपासून कणगीत आहे. निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी असे सगळे वाण (नावं वाचून वाटावं की गहू पेरायचा नसून यात्रेला जायचंय) आसपासच्या शेतात आले, पण नानांनी बन्सी सोडला नाही. "त्यात कस आहे," एवढंच कारण. मला वाटलं, कस म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं मोजता येतात. मोजून टाकू.

भाची एम.एस्सी.ला आहे, पिकांच्या जनुकांवर काम करते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मामा, दोन पोत्यांतले दाणे उचलून नेऊ नकोस. कस बियाण्याचा की युरियाचा, हे कळणार नाही." तिचं म्हणणं असं, की गव्हातलं प्रथिन एका जनुकाच्या हातात नाही. बऱ्याच गुणसूत्रांवर थोडाथोडा वाटा विखुरलेला असतो आणि त्या सगळ्यांवर जमिनीतलं नत्र (नायट्रोजन) स्वार असतं. फुलोऱ्याच्या सुमाराला युरियाचा हात दिला तर तेच बी जास्त प्रथिन दाखवतं. शेवटी उन्हाचा चटका बसून दाणा चिमला, तरी टक्केवारी वर जाते, कारण पिठूळ भाग कमी भरतो. म्हणून शेजारी शेजारी दहा-दहा गुंठे, एकाच दिवशी पेरणी, खत सारखं, पाण्याच्या पाळ्या सारख्या. ते सगळं नीट झालं. मार्चअखेर दोन्ही गहू कापून झाले.

मग प्रयोगशाळा. शहरातलीच, नाव घेत नाही. निफाडहून द्वारका चौकापर्यंत जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच द्वारका चौक ओलांडायला लागतो, हे नाशिककरांना सांगायला नको. असे सहा हेलपाटे झाले.

पहिल्या दिवशी फक्त लोकवन नेला. बन्सीची मळणी दोन दिवसांनी होती आणि मला धीर नव्हता. ही माझी चूक, ती आधीच कबूल करतो. दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच पावतीवर द्या, नाहीतर पुढचं सगळं तुमच्याही नशिबी येईल.

फॉर्मवर रकाना होता, 'नमुन्याचा प्रकार'. पर्याय: पाणी, माती, खत, पशुखाद्य, अन्नपदार्थ. मी अन्नपदार्थावर खूण केली. काउंटरवरच्या ताईंनी ती खोडली. "काका, अन्नपदार्थ म्हणजे पॅकिंगचं. लायसन नंबर लागतो. तुमचं सुटं धान्य आहे ना? पशुखाद्यात टाकते, काही फरक पडत नाही." मीही म्हटलं, टाका. आपल्याला आकड्याशी मतलब.

दोन दिवसांनी बन्सी घेऊन गेलो तर काउंटरवर दुसरा मुलगा. त्याने काही न विचारता अन्नपदार्थावर खूण केली, लायसनचं नावही काढलं नाही. मला बरंच वाटलं.

अठरा दिवसांनी दोन कागद हातात आले. लोकवन: प्रथिने १४.२५ टक्के. बन्सी: प्रथिने १३.७९ टक्के.

नानांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले, घडी केली, खिशात ठेवले आणि गोठ्याकडे गेले. जेवताना एक अक्षर बोलले नाहीत. खोटं कशाला बोलू, मला जरा गंमत वाटली होती. पण ती रात्रीपुरतीच टिकली, कारण रात्री भाचीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न: "नत्र किती आलंय?"

कागदावर नत्र नव्हतंच. तेव्हा मला कळलं की या पद्धतीत प्रथिन कुणी मोजतच नाही. केल्डाल म्हणून पद्धत आहे. त्यात पीठ गंधकाम्लात उकळून विरघळवतात, त्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर काढतात आणि ते मोजतात. मग त्या आकड्याला एका गुणकाने गुणून प्रथिन म्हणून लिहितात. सर्वसाधारण गुणक ६.२५, म्हणजे प्रथिनात १६ टक्के नत्र असतं असं धरून. पण गव्हाच्या प्रथिनात नत्राचं प्रमाण थोडं जास्त, साडेसतरा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून गव्हासाठी ५.७ वापरतात. "एकाला ६.२५ लावलंय आणि दुसऱ्याला ५.७, असं तर नाही ना?" भाची म्हणाली.

इथून पुढचे चार हेलपाटे या एका वाक्याचे.

ताई म्हणाल्या, "नत्र आमचा आतला आकडा आहे, रिपोर्टवर येत नाही." मी म्हटलं, मग यावेळी येऊ द्या. "फेरतपासणीचा अर्ज करा." अर्ज केला. त्यावर फेरतपासणीची वेगळी फी. मी म्हटलं, फेरतपासणी नकोच आहे, नुसता गुणाकार पाहायचाय. असा अर्ज त्यांच्याकडे नव्हता. पुढच्या खेपेला साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब होते, त्यांनी बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मशीनचा रिपोर्ट चुकत नाही." मशीन चुकलं असं मी म्हणतच नव्हतो! मशीनने नत्र बरोबर मोजलंय, पुढे माणसाने काय गुणलं ते विचारतोय, हे मी तीन प्रकारे सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला, ते नको होतं. साहेबांनी फाइल मिटली.

शेवटी सोडवलं ते आत काम करणाऱ्या एका पोराने. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला, मी ओट्यावर बसलेला. म्हणाला, "काका, गव्हावाले ना तुम्ही?" आत जाऊन वही घेऊन आला. निळ्या शाईत, बोटभर आम्लाने पिवळ्या पडलेल्या पानावर दोन ओळी होत्या. लोकवन, नत्र २.२८, पुढे ६.२५. बन्सी, नत्र २.४२, पुढे ५.७. पशुखाद्याच्या नमुन्यांना ६.२५ लावायचं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. मी तिथेच मोबाइलवर केलं. लोकवन २.२८ गुणिले ५.७, तेरा टक्के. बन्सी १३.७९ होता तसाच.

सुधारित रिपोर्ट मिळायला आणखी दोन आठवडे. त्यात आकडा बदलला, मथळा मात्र तसाच: 'पशुखाद्य नमुना'.

तेव्हा कुठेही गेलात तरी नत्राचा आकडा आणि गुणक दोन्ही लिहून मागा, नमुना देतानाच. अर्धा किलो पुरतो, खडे-काडी काढून, हवाबंद पिशवीत. ओलावाही विचारा. एक नमुना ओला आणि एक कडक वाळलेला असला तर तुलना तिथेच फसते. आमचे दोन्ही नमुने सारखेच वाळलेले होते, हे नशीब.

नानांना नवा कागद दिला. "मग?" एवढंच म्हणाले.

पण माझा पिच्छा सुटला नाही, कारण भाचीने एका जनुकाचं सांगून ठेवलं होतं. त्याचं नाव जीपीसी-बी१. रानटी एमर गव्हातून (आपल्या खपलीच्या रानटी पूर्वजातून) आलेलं, ६-बी गुणसूत्रावरचं. २००६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या होर्हे दुबकोव्स्की यांच्या गटाने इस्रायलच्या सहकाऱ्यांसोबत ते नेमकं ओळखून बाहेर काढलं. गंमत अशी की हे जनुक थेट प्रथिन बनवत नाही. ते पानांना लवकर पिवळं पडायला सांगतं, आणि पिवळी पडताना पानं आपलं नत्र, जस्त, लोह दाण्यात ओततात. शास्त्रज्ञांनी गव्हातली या जनुकाची भावंडं दाबून टाकली तेव्हा पानं तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली आणि दाण्यातलं प्रथिन, जस्त, लोह ३० टक्क्यांहून अधिक घटलं. आपण मात्र पान पिवळं दिसलं की युरियाची गोणी शोधतो.

आपल्या नेहमीच्या गव्हात हे जनुक बहुतेक एकतर मोडकं असतं, नाहीतर नसतंच. त्या शास्त्रज्ञांनी लागवडीखालचे ५७ ड्युरम (रवा-शेवयांचा कडक गहू) तपासले, एकातही धड जनुक सापडलं नाही. बन्सी हा ड्युरमच. तरी मी हट्टाने पानं बर्फात घालून भाचीकडे पाठवली. तिने तपासलं. आमचा बन्सीही त्या सत्तावन्नांच्याच रांगेतला. म्हणजे पाऊण टक्क्याचा फरक त्या नामांकित जनुकाचा नाही, बाकीच्या बारीकसारीक जनुकांचा असेल, किंवा दाणे कमी भरल्याचा.

कारण उतारा. लोकवन तीन क्विंटल ऐंशी किलो, बन्सी दोन क्विंटल वीस. दहा गुंठ्यांतलं एकूण प्रथिन काढलं तर लोकवनचं साधारण ४९ किलो, बन्सीचं ३०. गव्हात उत्पन्न आणि प्रथिन सहसा उलट चालतात, हे भाचीने आधीच सांगितलं होतं, मी कानाआड केलं होतं. हा हिशोब मी नानांना दाखवलेला नाही.

त्याच अभ्यासात एमरच्या १९ नमुन्यांपैकी १७ मध्ये ते जनुक धड होतं. आपला खपली म्हणजे एमरच. मावसभावाकडून दोन किलो खपली आणलाय, दिवाळीनंतर पेरीन. त्या प्रयोगशाळेचा कोरा फॉर्मही घरी आणून ठेवलाय. 'नमुन्याचा प्रकार' समोर समासात पेनाने आत्ताच लिहून ठेवलंय: गहू, माणसांनी खाण्याचा, गुणक ५.७.