पंपावरचा आकडा आणि प्रवाळापर्यंत पोहोचणारे पाणी

घरात खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी नव्याने उभारणारे बहुतेक जण दिव्यांचा बारकाईने विचार करतात, पाण्याची क्षारता काटेकोर मोजतात आणि प्रवाहाच्या बाबतीत मात्र पंपाच्या खोक्यावर छापलेला ‘ताशी इतके लिटर’ हा आकडा पाहून निश्चिंत होतात. तो आकडा खरेदीपुरता उपयोगी आहे. टाकी भरल्यानंतर पाहायचे ते एवढेच की, पाणी प्रत्येक प्रवाळाच्या अंगापर्यंत पोहोचते का, आणि दिशा बदलत पोहोचते का.

प्रवाळ हा एका जागी जखडलेला प्राणी आहे. त्याच्या पेशींतील सूक्ष्म शैवाले दिवसा प्राणवायू तयार करतात आणि रात्री प्रवाळाला तो पाण्यातून घ्यावा लागतो. ही देवघेव त्याच्या अंगाला लगटून असलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ अशा जवळजवळ स्थिर थरातून होते. पाणी संथ असले की हा थर जाड होतो. मग दिवसा प्राणवायू आत साचतो आणि रात्री तो कमी पडतो. १९९८ साली जगभरातील प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले. त्यानंतर जपानमधील ओकिनावातील फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कठीण प्रवाळावर, म्हणजे अ‍ॅक्रोपोरावर केलेल्या प्रयोगात, पाणी सारखेच तापलेले असताना, वेगवान प्रवाहातील वसाहती तगल्या आणि संथ पाण्यातल्या पांढऱ्या पडून मेल्या. घरच्या टाकीत उन्हाळ्यात पंप मंद करण्याचा मोह होतो, त्याला माझा विरोध आहे तो यामुळेच.

आता प्रत्यक्ष मांडणी. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच अशी, म्हणजे सुमारे ३०० लिटरची टाकी धरू. संपमधून, म्हणजे खाली ठेवलेल्या गाळणीच्या टाकीतून, पाणी वर आणणारा रिटर्न पंप तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवतो, तेवढे गाळणीला पुरते. प्रवाळांसाठी मात्र वेगळे वेव्हमेकर, म्हणजे टाकीच्या आतच पाणी ढवळणारे पंप, लागतात. मऊ प्रवाळांना साधारण दहा ते वीस पट आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक जीव) कठीण प्रवाळांना वीस ते चाळीस पट, हा छांदिष्टांमध्ये रूढ असलेला अंदाज आहे. त्या हिशोबाने ताशी ४००० लिटरचे दोन वेव्हमेकर पुरतात. एकच मोठा पंप घेण्यापेक्षा दोन मध्यम पंप मला केव्हाही बरे वाटतात, कारण ते समोरासमोरच्या आखूड काचांवर, थोड्या वेगवेगळ्या उंचीवर बसवून आळीपाळीने कमीजास्त जोराने चालवता येतात. दोन्हींचे झोत पुढच्या काचेजवळ एकमेकांवर आदळले की सरळ धार मोडते आणि पाणी घुसळल्यासारखे सगळीकडे फिरू लागते. एका पंपाचे तोंड किंचित वर ठेवावे, म्हणजे पृष्ठभाग हलता राहतो, तेलकट साय धरत नाही आणि वायूंची देवाणघेवाण नीट होते.

निम्मे काम मात्र खडकांचे असते. मागच्या काचेला टेकवून रचलेली दगडांची भिंत कितीही जोरदार पंपाला दाद देत नाही, म्हणून काचेपासून थोडे अंतर सोडावे आणि दगडांत आरपार कमानी ठेवाव्यात. कोपरे तपासण्याची एक सोपी रीत आहे: रात्री दिवे मालवून चिमूटभर बारीक खाद्य पाण्यात सोडावे, बाजूने विजेरी धरावी आणि कण कुठे घिरट्या घालतात, कुठे खाली बसतात ते पाहावे. जिथे ते बसतात तिथे उद्या गाळ साचणार.

जागा ठरवताना प्रवाळाची जात पाहावी. हॅमर, टॉर्च यांसारख्या मांसल प्रवाळांचे शुंडक हलके डोलले पाहिजेत. ते सतत एकाच बाजूला झुकलेले असतील, तर धार सरळ लागते आहे असे समजावे, कारण अशा माऱ्याने मांस धारदार सांगाड्यावर घासून फाटते. अ‍ॅक्रोपोरा वर, झोताच्या वाटेवर, पण पंपाच्या तोंडापासून दूर शोभतो. तो वाढला की स्वतःच प्रवाह अडवू लागतो, आणि मग पंपांचे कोन पुन्हा बदलावे लागतात.

हे सारे परदेशातील मराठी वाचकांसाठी आहे, जिथे टाकीत वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे कायदेशीररीत्या विकत मिळतात. भारतात कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून एखादा तुकडा उचलून आणणे हाही गुन्हाच.

देखभालीत दोन गोष्टी विसरू नयेत. गुलाबी चुनखडी शैवाल पंख्यावर चढले की पंपाचा जोर नकळत घटतो, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी पंप सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवून साफ करावा. वीज गेल्यावर बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप हाताशी असावा, आणि रिटर्न नळीचे तोंड पृष्ठभागाजवळच ठेवावे, नाहीतर वीज जाताच सायफन लागून टाकीतले पाणी संपमध्ये उतरते आणि तिथून जमिनीवर येते.