ट्रॉलीचे मागचे लाइट आणि पांढरी वायर: माझा अनुभव

ब्रेक दाबला की ट्रॉलीचे मागचे लाइट विझतात, हे ड्रायव्हरने सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. ब्रेक मारल्यावर उजेड वाढायला हवा. पण त्याच रात्री साखर कारखान्यावरून रिकामी ट्रॉली येताना मी मोटारसायकलवर मागे होतो. वळणावर ट्रॅक्टर हळू झाला आणि समोरची ट्रॉली अंधारात गेली. दोन लालसर ठिपके तेवढे मिणमिणत होते. मला ट्रॉली पुढे आहे हे माहीत होतं म्हणून मी वाचलो. माहीत नसलेल्या माणसाचं काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

आम्ही शिरोळ तालुक्यातले. ऊस वाहतुकीला एक ट्रॅक्टर आणि दोन चाकांच्या दोन ट्रॉल्या. ऊसतोडीची पाळी वेळेत मिळाली, तोडणारी टोळी वेळेत आली, कारखान्याच्या वजनकाट्यावरही अडचण नव्हती. सगळं अडलं ते या लाइटांपाशी. पूर्ण चार दिवस.

तालुक्याच्या गावात एका इलेक्ट्रिशियनकडे ट्रॅक्टर नेला. त्याने टेल, म्हणजे मागचा कायम जळणारा लाल लाइट लावला, लागला. डावा इंडिकेटर लावला, लागला. उजवा, ब्रेक, सगळं एकेक करून पाहिलं, सगळं लागलं. "भाऊ, बल्ब हलके आहेत," म्हणाला आणि सगळे बदलले. संध्याकाळी पहिल्याच खेपेला परत तोच प्रकार. दुसऱ्या दिवशी इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला. तिसऱ्या दिवशी ट्रॉलीच्या वायरांचा प्लग बसतो ते ट्रॅक्टरचं सॉकेट बदललं आणि चार तास थांबवून ठेवलं. फडात ऊस तोडून पडलेला, टोळी बसून, आणि मी त्याच्या दुकानासमोर बाकावर. त्या माणसाने चारही लाइट एकदम लावून, वर ब्रेक दाबून एकदाही पाहिलं नाही, याचा राग मला आजही आहे. एकेक लाइट लावून पाहणं म्हणजे तपासणी नव्हे. माझं पहिलं सांगणं हेच: टेल चालू ठेवा, इंडिकेटर लावा आणि मग दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. तुम्ही मागे उभं राहून बघा.

चौथ्या दिवशी मी ट्रॅक्टर कुठेच नेला नाही. पुतण्या आयटीआयला वायरमन करतो, त्याचा व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेतला. ट्रॅक्टर दारातच उभा केला. एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ट्रॉलीच्या लाइटमागच्या पत्र्याला, रंग खरवडून. नुसता टेल लावल्यावर आकडा एक-सव्वा व्होल्टवर. पुतण्याने ब्रेक दाबला आणि आकडा 7 च्या वर गेला. अर्थ (earth), म्हणजे करंट परत बॅटरीच्या मायनसकडे नेणारी जोडणी, नीट असेल तर तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. म्हणजे 12 व्होल्टांतले सात वाटेतच अडकत होते, बल्बला उरत होते पाच.

मग घरातली एक लांब वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट ट्रॉलीच्या चेसीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला लावली. सगळे लाइट भक्कन पेटले. पुतण्या तिथेच ओरडला, "काका, अर्थच नाहीये!"

गुंता असा होता. सॉकेटच्या सात पिनांत तीन नंबरची पांढरी वायर अर्थची. प्रत्येक बल्बचा करंट त्याच एका वायरने परत जातो. ती तुटली की करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून ट्रॅक्टरच्या लाइटांमधून वाट काढतो. एकच लाइट लावला तर वाट सापडते, म्हणून तो लागतो. ब्रेक दाबला की ती वाटच बंद होते आणि सगळे मंदावतात. ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीचं कडं घासून अधूनमधून अर्थ मिळतो, म्हणून भरलेली ट्रॉली जाताना बरी दिसते आणि रिकामी येताना, ओझं नसल्यावर, बिघाड दिसतो. तसंच आमचं होतं.

आणि वायर का तुटली, तेही सापडलं. खंडेनवमीच्या आधी ट्रॉल्या रंगवून घेतल्या होत्या. रंगाऱ्याने अर्थचा नट काढून त्याखालीही रंग दिला आणि वरून थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, आवळली. प्लगच्या बाजूचं टोक सोललं तर आत तांब्याची हिरवी भुकटी. चिमटीत धरल्यावर बोटांवर सांडली.

पॉलिश पेपरने चेसी चकचकीत होईपर्यंत घासली, नवी थिंबल दाबून बसवली, खाली दातेरी वॉशर टाकला आणि वरून ग्रीस लावलं. अर्थची वायर जाड घ्या, हे आवर्जून सांगतो. एका ट्रॉलीचे टेल, ब्रेक आणि इंडिकेटर मिळून 73 वॅट होतात, म्हणजे साधारण 6 अँपिअर. दोन ट्रॉल्यांना दुप्पट. बाकीच्या वायरा दीड एमएमच्या चालतात, पण अर्थला मी अडीच एमएमची टाकली. दुसऱ्या ट्रॉलीचा अर्थ हुकाच्या भरवशावर न सोडता तिलाही तीच वायर सॉकेटमधून दिली. थिंबल, वायर, वॉशर मिळून तीनशे रुपयेही लागले नाहीत.

वायरांच्या रंगावर जाऊ नका. गावाकडे मिळेल त्या रंगाची वायर कुणीही जोडलेली असते. प्लगच्या आत कोरलेले आकडे बघा: एक डावा इंडिकेटर, तीन अर्थ, चार उजवा इंडिकेटर, पाच आणि सात टेल, सहा ब्रेक. फ्यूज उडत असेल तर बहुधा करंटची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. फ्यूज शाबूत आणि लाइट मंद, तर आधी अर्थ तपासा. हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर दोन खेपा बुडाल्या नसत्या.

आणखी एक राहिलं. ऊस भरताना वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लाइटांवर लोंबतात, ती विळ्याने छाटून घ्यायला लावा. लाल रिफ्लेक्टर पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर (झडपेवर) पूर्ण रुंदीभर चिकटवा. लाइट जातील तेव्हा तीच मागच्याला दिसते.

त्या रात्री मी पुन्हा मोटारसायकल घेऊन ट्रॉलीमागे गेलो. जुन्या वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि माझ्या हँडलवर लाल उजेड पडला. मी त्याच्यामागे कारखान्यापर्यंत गेलो.