सर्टिफिकेट कोणाचे लावले आहे?

डी.फार्म. ही औषधनिर्माणशास्त्राची पदविका पूर्ण करून राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये माझी नोंदणी झाली, त्यानंतर पहिली विचारणा आली ती नोकरीची नव्हती, प्रमाणपत्राची होती. नात्यातल्याच एका गृहस्थांना मेडिकल टाकायचे होते आणि त्यांनी आईकडे निरोप धाडला की, मुलीने दुकानात येण्याचीही गरज नाही, फक्त सर्टिफिकेट लावू द्यावे, महिन्याचे पैसे घरी पोहोचतील. आईला त्यात काही गैर वाटले नाही. तिच्या लेखी तो एक कागद होता.

वास्तविक औषधाच्या दुकानामागे दोन निरनिराळे कागद असतात. अन्न व औषध प्रशासन १९४० च्या कायद्याखाली नमुना २० आणि २१ मध्ये जो परवाना देते तो दुकानाचा. त्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते, लस व इन्सुलिनसाठी फ्रिज लागतो. दुसरा कागद माणसाचा असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचे, मिसळण्याचे किंवा देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करावे. दुकानाच्या परवान्याच्या नियमांतही चिठ्ठीवरचे औषध त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली देण्याची अट आहे, म्हणजे पहिला कागद दुसऱ्यावाचून लंगडा पडतो. भाड्याने मागितला जातो तो हा दुसरा.

हा व्यवहार लोकांना निरुपद्रवी का वाटतो, याचे एक कारण त्या कलमाच्या शब्दांतच दडलेले असावे. कायदा झाला तो काळ कंपाउंडरने काचेच्या बाटलीत मिक्श्चर तयार करून बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवण्याचा होता. आता गोळ्या कारखान्यातून पाकिटात येतात (आमचे सरकारी नाव मात्र अजून ‘औषधनिर्माता’ आहे), त्यामुळे फळीवरून डबी काढून देणे एवढेच काम उरले, असा समज होतो.

मेथोट्रेक्सेट या एकाच औषधाचे पाहा. संधिवातासाठी त्याची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि बाकीच्या दिवसांत फॉलिक ॲसिडची. चिठ्ठी घाईत वाचून ‘रोज एक’ असे सांगितले गेले, तर अस्थिमज्जेचे काम मंदावून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. शिकलेला फार्मासिस्ट ‘वार कोणता ठरवला आहे?’ असे विचारतो, पाकिटावर तो वार लिहून देतो आणि शंका आली तर डॉक्टरांना फोन करतो. अनेक वर्षे काउंटरवर उभा असलेला चलाख मुलगा डबी अचूक काढील. परंतु हे विचारायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यापुढचे ५०० तासांचे प्रशिक्षण त्या एका प्रश्नासाठी असते, असे मी म्हणेन, आणि परवाना म्हणजे तो प्रश्न विचारणारी व्यक्ती समोर उभी असल्याची ग्राहकाला दिलेली हमी.

सर्टिफिकेट देणाऱ्यांना सरसकट लोभी म्हणणे मला पटत नाही. लहान गावात दिवसभर उभे राहून मिळणारा पगार आणि घरी बसून मिळणारे भाडे यांत फारसे अंतर नसेल, तर बावीस वर्षांच्या मुलाने काय निवडावे? ग्राहकही विचारत नाही. फार्मासिस्टने पांढरा ॲप्रन घालावा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावावा, असे फार्मसी व्यवसायाचे २०१५ चे नियम सांगतात. असा बिल्ला आपण शेवटचा कधी पाहिला, ते आठवून पाहावे.

मी नकार दिला. दुकान तरीही थाटात उघडले, दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर. तिथे कधी औषध घ्यायला गेले की भिंतीवरचे ते नाव वाचते आणि ‘साहेब आहेत का?’ असे विचारते. ते जेवायला गेलेले असतात. सकाळी दहाला गेले तरी, आणि संध्याकाळी सातला गेले तरी.