नवरदेवासारखं नटलेलं इंजिन
रविवारी सकाळी भाच्याला घेऊन दौलताबादला गेलो, किल्ला बघायला नाही हां, रुळाच्या कडेला मालगाडी बघायला. बायको म्हणली, "लोकं देवाला जातेत, तुम्ही मालगाडीला!" असो.

दोन तास काहीच नाही, नुसतं ऊन. मग लांबून ते घुंईंईं ऐकू आलं आणि म्हणलं हे डब्ल्यूडीजी-४, मालगाडीचं डिझेल इंजिन, कारण जुनं अल्को जातीचं डिझेल कसं धकधक करत यायचं, ह्याचं १६ सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन सलग घुमत राहतं. वळणावरून समोर आलं अन् बघतच राहिलो, अख्खं नवं रंगवलेलं, बफर काळेभोर, नंबर पांढरे कोरे, मागं किल्ल्याचा डोंगर. नाहीतर इकडं बघावं तेव्हा काजळी अन् ऑइलचे वघळ. ४००० हॉर्सपॉवर, १२६ टन वजन, जवळून गेलं तेव्हा पायाखालची खडी थरथरली.

आता वर विजेच्या तारा आल्यात, त्यामुळं डिझेलचे दिवस किती उरलेत कोण जाणे, म्हणून तर ह्या रंगाचं कौतुक जास्तच वाटलं (आणि नेमका तारेचा खांब फोटोत मधोमध आला, ते वेगळंच दुखणं).

शेळ्या चारणारे एक बाबा शेजारी उभे होते. म्हणले, "नवरदेवावानी नटलंय की रं!" भाच्यानं विचारलं, "मामा, मग नवरी कुठंय?" बाबांनी मागच्या मळक्या वाघिणींकडं (मालडब्यांकडं) बोट दाखवलं, "त्या काय, वऱ्हाड हाय ते!"