मिनेसोटा नदीच्या खोऱ्यात दोन दिवस: माळ, दलदल आणि काठचं रान

मॉल ऑफ अमेरिकेपासून गाडीने पाच-सात मिनिटांत ब्लूमिंग्टनचा कडा येतो. तिथे शहर एकदम थांबतं आणि खाली लाँग मेडो लेकचं उथळ पाणी पसरलेलं दिसतं. डोक्यावरून विमानं उतरत असतात, खाली बगळे उभे. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात, वर्षानुवर्षं राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी हा कडा हायवेच्या पुलावरून तेवढा बघितलेला असतो. १९७६ साली स्थापन झालेलं मिनेसोटा व्हॅली राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य इथून नदीच्या उलट दिशेने हेंडरसनपर्यंत, सुमारे ७० मैल, तुकड्यातुकड्यांनी पसरलं आहे. सगळं एका खेपेत होत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारी दोन तुकडे चालून झाले, त्यांचा हा वृत्तांत.

आधी खोऱ्याचा आकार समजून घ्या, म्हणजे वाटा आपोआप उलगडतात. आजची नदी या दरीला अगदीच लहान पडते. हिमयुगाच्या शेवटी अगासिझ नावाच्या प्रचंड हिमसरोवराचं पाणी इथून वाहिलं, त्या प्रवाहाला ग्लेशियल रिव्हर वॉरन म्हणतात, आणि ही रुंद दरी त्यानेच कोरली. म्हणून इथे तीन मजले आहेत. वर वाळूमिश्रित सपाटी, तिच्यावर प्रेरीचं, म्हणजे माळरानाचं, उंच गवत आणि विखुरलेले ओक. मग उतारावरचं जंगल. तळाला दलदल आणि पुराचं पाणी सोसणारं रान. चढउतार सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही. इथली अडचण चढाची नसून पाण्याची आहे.

पहिला दिवस लुईव्हिल स्वॉम्प या अभयारण्याच्या दलदलीच्या तुकड्याचा. शाकोपीच्या पुढे हायवे १६९ वरून १४५ व्या रस्त्याला वळलं की वाहनतळ येतो. प्रवेश फुकट आहे, वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. त्याच रस्त्यावर रेनेसान्स फेस्टिव्हलचं मैदान आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जत्रेच्या शनिवार-रविवारी १६९ वर गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा जत्रा संपल्यानंतरचा आठवडा धरा किंवा सकाळी आठच्या आत पोचा. वाटेवर पिण्याचं पाणी मिळेल हे गृहीत धरू नका. माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्या आणि शौचालयाचं काम शाकोपीत उरकून घ्या.

मुख्य फेरी माझोमनी ट्रेलची, सुमारे साडेचार मैल, म्हणजे सव्वासात किलोमीटर. थांबत-बघत तीन तास धरा. माझोमनी हा इथल्या मूळनिवासी डकोटा लोकांच्या वाहपेटन शाखेचा नेता. जवळच नदी खळाळत वाहते त्या रॅपिड्सपाशी डकोटा लोकांचं उन्हाळी गाव होतं. वाटेत दगडाचा तुकडा, मणी, हाड, काहीही दिसलं तरी उचलू नका, तो संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

सुरुवातीला ओकांची विरळ राई लागते. बर ओकची एखादी कोवळी फांदी हातात धरून बघा: सालीला बुचासारखे उभे कंगोरे असतात. जुन्या झाडाची जाड साल वणव्याला दाद देत नाही, म्हणून माळावर वारंवार आग फिरली तरी हा ओक टिकला आणि मेपल मागे हटले. आजही वसंतात कर्मचारी ठरवून गवत जाळतात. माळ काळा दिसला तर काही बिघडलं आहे असं समजू नका. धूर चालू असेल तर मात्र पाटी वाचून परत फिरा.

पुढे गवत. आपल्याकडचं माळरान गुडघ्याएवढं, इथला बिग ब्लूस्टेम चांगल्या पावसाच्या वर्षी माणसाच्या डोक्यावर जातो. तुरा तीन बोटांत फाटलेला असतो, कोंबडीच्या पायासारखा, त्यावरून लगेच ओळखू येतो. ऑक्टोबरमध्ये तो तांबूस-जांभळा होतो. फुलं बघायची असतील तर मात्र जुलै-ऑगस्टच.

आता खरी मेख. फेरी पूर्ण करायची तर सँड क्रीक आणि दलदलीचं पाणी ओलांडावं लागतं, आणि ओलांडायच्या जागा अगदी खालच्या पातळीवर आहेत. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं तेव्हा आणि जूनमधल्या मोठ्या पावसानंतर त्या बुडतात. कधीकधी लुईव्हिलला आठवडाभर पाऊस नसतो, तरी पाणी चढलेलं असतं. कारण नदी पश्चिमेकडच्या मका-सोयाबीनच्या शेतांतून येते, शेतांखालच्या निचऱ्याच्या नळ्या पाणी झपाट्याने नदीत सोडतात आणि इथे उतार इतका कमी की ते लवकर पुढे सरकत नाही. म्हणून हवामानाचा अंदाज बघून भागत नाही. जॉर्डन इथल्या नदीमापकाचा आलेख यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) साइटवर बघा. रेघ चढती असेल तर बेत बदला. उतरती असेल तरी तीन-चार दिवस जाऊ द्या: पूर गेल्यावर वाटेवर बारीक गाळाचा थर राहतो, तो बुटाला चिकटत जातो आणि पन्नास पावलांत प्रत्येक पाय किलोभर जड होतो.

ओलांडायची जागा पाण्याखाली दिसली तर माघारी फिरा. पाणी गढूळ असतं, तळाची कड कुठे खचली आहे ते दिसत नाही. ओकांच्या राईतल्या उंच वाटेने जाऊन परत आलं तरी दलदलीचा देखावा पूर्ण मिळतो. नाहीतर लिटल प्रेरी लूप ही छोटी फेरी करा. फेरी पूर्ण जमली तर जाब्स फार्मची चुनखडीच्या दगडाची जुनी घरं लागतात. डबा खायला तीच जागा बरी, कारण वाऱ्यापासून आडोसा मिळतो.

शरद ऋतूत इथे हरणांची शिकार चालते, धनुष्याची सप्टेंबरच्या मध्यापासून, बंदुकीची नोव्हेंबरच्या सुरुवातीला. भडक नारिंगी जाकीट किंवा निदान टोपी घाला आणि वाट सोडू नका. नारिंगी जाकीट वीसेक डॉलरच्या आत मिळतं, मुलांसाठीही घ्या.

काय चावतं, काय खाजवतं? काळ्या पायांची गोचीड एप्रिलच्या अखेरीपासून जुलैपर्यंत जोरात असते, ऑक्टोबरमध्ये पुन्हा. फिकट रंगाची लांब पँट, पायमोज्यात खोचलेली. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून वाळवा, कातडीवर लावू नका, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवा. अंगाला कीटक पळवणारं २० ते ३० टक्के डीटचं औषध लावा. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत बघा. गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा; तेल, मेणबत्ती असले उपाय करू नका. नंतर ताप आला किंवा गोल लाल चट्टा पसरला तर डॉक्टरांना तारखेसह सांगा. पॉयझन आयव्ही तीन पानांची, मधल्या पानाचा देठ लांब. वाइल्ड पार्स्निप पिवळ्या छत्र्यांची. तिचा रस लागून ऊन पडलं की फोड येतात. ऑक्टोबरमध्ये डास जवळपास नसतात. जूनमध्ये तळाच्या रानात अर्धा तासही उभं राहवत नाही, मग कोणी कितीही शूर असो.

दुसरा दिवस ब्लूमिंग्टनचा, आणि तो गाडीशिवाय होतो. विमानतळाच्या टर्मिनल २ नंतरचं ब्लू लाइन या लोकल रेल्वेचं स्टेशन अमेरिकन बुलेव्हार्ड. तिथून पूर्वेला दहा-बारा मिनिटं चाललं की अभयारण्याचं माहिती केंद्र. केंद्र रोज उघडं नसतं, वार बघून निघा. वाटा मात्र रोज खुल्या. भारतातून आलेल्या वयस्कर मंडळींना हीच बाजू दाखवा. केंद्रामागची हिलसाइड ट्रेल अर्ध्या मैलाची आहे, पण उताराची. गुडघे दुखत असतील तर थेट बास पाँड्सला गाडी न्या, तिथली फेरी जवळपास सपाट आहे.

बास पाँड्स म्हणजे पूर्वी मासे वाढवायला बांधलेली तळी. तिथून लाँग मेडो लेकच्या काठाने पश्चिमेला ओल्ड सीडर पुलापर्यंत चालत जा. काठच्या सिल्व्हर मेपल आणि कॉटनवुडच्या खोडांकडे नीट बघा. एका ठरावीक उंचीपर्यंत साल राखाडी, वर मूळ रंगाची; ती रेघ म्हणजे मागच्या पुराची पातळी. कुठे कुठे ती डोक्यावर असते. याच रानात अ‍ॅशची झाडं भुंग्याच्या किडीने वाळून उभी आहेत, त्यांच्या फांद्या वाऱ्यात अचानक पडतात. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी इथे येऊ नका, आणि एरवीही वाळक्या झाडाखाली सतरंजी पसरू नका.

ओल्ड सीडर पूल १९२० चा, लोखंडी सांगाड्याचा. १९९३ मध्ये गाड्यांना, २००२ मध्ये सगळ्यांनाच बंद झाला आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये चालणाऱ्यांसाठी व सायकलवाल्यांसाठी पुन्हा उघडला. दुर्बीण न्यायची तर इथे. ऑक्टोबरमध्ये बदकांचे थवे, टकल्या गरुडाची जोडी, कधी पांढरे पेलिकन. पक्षीच बघायचे असतील तर मेचा दुसरा-तिसरा आठवडा गाठा, वॉर्बलर हे छोटे रंगीत पक्षी तेव्हा येतात आणि पानं अजून दाट झालेली नसतात. सकाळी सूर्य पाठीमागे ठेवायला पुलाच्या पश्चिमेकडच्या कठड्याकडून पश्चिमेला बघा.

पुलाच्या पश्चिमेची रिव्हर बॉटम्सची वाट माउंटन बायकवाल्यांची लाडकी. शनिवारी-रविवारी कानात इयरफोन घालून चालू नका, एका रांगेत उजवीकडून चाला. ओल्या मातीत तिथे पाय टाकला की वाटेला खड्डे पडतात आणि ते आठवडाभर तसेच राहतात, म्हणून पावसानंतर ही वाट सोडून द्या.

ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. तळाच्या रानात त्याआधी अर्धा तास अंधारतं आणि पारा भराभर उतरतो. पुलावरून चारच्या सुमारास मागे फिरलात तर केंद्रापाशी उजेडात पोचता, आणि तिथून स्टेशन जवळच आहे.